निम्म्या आरशाचा मालक

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
९ नोव्हेंबर २०२४

नाना,

आरशाच्या निम्म्या मालकाचा रामराम घे.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. पोस्टमनला अजून कुणी ब्लॉक करू शकत नाही, म्हणून हे पाकीट. रोज सकाळी मी फोन लावून "आरसा" एवढाच शब्द बोलायचो आणि ठेवून द्यायचो, हे तुला फार लागलं म्हणे. तीन वर्षांपूर्वी तू तुझ्या पोराच्या, गोकुळच्या गाडीच्या टपावर आपला आरसा बांधून पुण्याला निघून गेलास, तेव्हा मलाही काही गोड वाटलं नव्हतं. वेरूळच्या स्टँडवर उभा राहून मी बघत होतो. गाडी खुलताबादचा घाट चढेपर्यंत आरसा उन्हात चमकत होता. निरोप न घेता निघालेल्या माणसाची गाडी इतका वेळ दिसत राहू नये.

तर मैत्रीखातर लिहितोय असा गैरसमज नको. काम निघालंय.

तुझ्या सुनेनं, सायलीनं, तुझ्या वाढदिवसाचा फोटो स्टेटसला टाकला होता. मी आधी आरसा शोधला. सापडला. तुमच्या गॅलरीत, कुंड्यांच्या मागं, आणि त्याच्यावर तिच्या टिकल्या चिकटवलेल्या. ज्या आरशानं दहा नंबरच्या लेण्यात बुद्धाच्या चेहऱ्यावर ऊन नेलं, त्याच्यावर टिकल्या. जाऊ दे. मग बोटांनी फोटो मोठा करत करत तुझ्यापर्यंत आलो. नाना, तुझ्या दोन्ही डोळ्यांत नाकाकडच्या कोपऱ्यातून पांढुरकं, लालसर मांस बुबुळावर चढलंय. समोशाच्या टोकासारखं तिकोनी.

मला ते लगेच ओळखू आलं, कारण माझ्या उजव्या डोळ्यात तेच आहे. आमच्या घरात त्याला नाखुना म्हणतात. डॉक्टर म्हणाले की कॅन्सरबिन्सर काही नाही, घाबरायचं कारण नाही, पण ते हळूहळू सरकत बाहुलीपर्यंत पोचलं की नजर झाकायला लागतं. माझं पोचत आलंय. डिसेंबरात ऑपरेशन ठरलंय.

आमरीन आठवते ना? साकिबची थोरली, माझी नात. तुझ्या खांद्यावर बसून तिनं कैलास लेणं पाहिलं होतं आणि हत्तीला बिस्कीट दे म्हणून रडली होती. ती आता बायोकेमिस्ट्रीत पीएच.डी. करते. तिचा विषय ऐकून हसशील. डोळ्यावर वाढलेलं हे मांस काय खातं आणि काय टाकतं, हे ती शोधते. शहरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात ऑपरेशनमधे काढलेलं मांस पूर्वी बादलीत जायचं, आता पेशंटची सही घेऊन हिच्या बाटलीत जातं. तिनं आजोबाला, म्हणजे मला, विचारलं, दादा, तुमचं काम नेमकं काय होतं? घरातल्या पोरीला हे माहीत नसावं याचं मला नवल वाटलं. मग सांगितलं की मी लेण्याच्या दाराशी आरसा घेऊन उभा राहायचो आणि सूर्य पकडून आत फेकायचो. नाना आत मूर्तीपाशी उभा राहून पाहुण्यांना माहिती सांगायचा. त्यानं "हाण हब्या" म्हटलं की मी उजेड हाणायचो. तीस वर्षं हेच केलं. मग नानानं टॉर्च घेतला आणि आरसेवाल्याची गरज संपली.

टॉर्च घेतल्यावर आरसा कशाला नेलास, हे मात्र मी तिला सांगू शकलो नाही, कारण मला माहीत नाही.

सायलीला फोन करून डोळ्याचं सांगता आलं असतं. पण तुझ्या डोळ्याची चहाडी तुझ्या सुनेपाशी करणं मला पटेना. तू स्वतःच तिला सांग आणि डॉक्टरला दाखव. इथं आलास तर आमरीन सगळं करून देईल.

येताना आरसा आण.

हबीब

&nbsp;

हर्सूल
२४ नोव्हेंबर २०२४

नाना,

उत्तर आलं नाही. मी काही वाट बघत नव्हतो. सगीराच तेवढी विचारत असते, पोस्टमन येऊन गेला का म्हणून.

परवा आमरीननं मला खुर्चीत बसवलं, डोळ्यात बॅटरी मारली आणि विचारलं की सगळं आयुष्य उन्हात गेलं म्हणता, तर नाखुना एकाच डोळ्यात कसा? मी सगीराच्या रॅकमधलं स्टीलचं ताट घेतलं आणि पोरीला गच्चीवर नेलं. डावा डोळा मिटला, उजव्यानं नेम धरला आणि शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीवर उजेड मारून दाखवला. टाकीवरचं कबूतर उडालं. आरसेवाला एक डोळा मिटूनच नेम धरतो, हे तुला सांगायला नको. तिला मात्र फार आनंद झाला. म्हणाली, मिटलेला डोळा वाचला बघा. डॉक्टर म्हणतात की एका डोळ्यात असण्याला दुसरीही कारणं असू शकतात. असतील. मला माझं कारण पुरेसं आहे.

ताट खाली ठेवलं आणि मग माझ्या लक्षात आलं. तू आत उभा असायचास, तोंड माझ्याकडे, दोन्ही डोळे सताड उघडे. पाहुण्यांसमोर डोळे मिचकावलेले बरे दिसत नाहीत म्हणायचास. मी तिला सरळ विचारलं, हे नानाच्या डोळ्यात मी घातलं का? ती म्हणाली की ऊन आहे, धूळ आहे, वारा आहे, घराण्यातूनही येतं, आणि लेण्यालेण्यातून टोपी न घालता हिंडलात ते वेगळंच. "एका आरशाच्या नावानं पावती नाही फाडता येत, दादा," असं म्हणाली. ऐकून हलकं वाटलं. पूर्ण नाही, पण वाटलं.

हे मांस बहुतेक वेळा नाकाच्या बाजूनंच का येतं, तेही तिनं सांगितलं. ऊन कानाकडून तिरकं येतं आणि बुबुळावरची काच ते वळवून पलीकडच्या, नाकाकडच्या कडेवर गोळा करते. म्हणजे डोळा स्वतःच आरसेवाला. बाहेरचं ऊन धरून आतल्या एका कोपऱ्यावर हाणतो. आपण दोघं तीस वर्षं जे करून पोट भरत होतो, ते आपले डोळे फुकटात करत होते.

आता तिचं खरं काम ऐक. हे मांस बाहेरून आलेलं नाही. डोळ्याच्या पांढऱ्यावर जो पातळ पापुद्रा असतो त्याच्याच पेशी, पण त्यांची खाण्याची रीत बिघडलेली. शहाणी पेशी साखर घेते, प्राणवायूवर सावकाश जाळते आणि पुरवून पुरवून वापरते. बिघडलेली पेशी साखर बकाबका घेते, अर्धवट जाळते, उरलेलं आंबट करून शेजाऱ्याच्या दारात टाकते आणि पुन्हा ताट पुढं करते. प्राणवायू हवा तेवढा असला तरी असंच. तिचा समज झालेला असतो की इथं जखम झालीय आणि आपल्याला भराभर वाढून ती भरून काढायची आहे. जखम कुठंच नसते. आमरीन म्हणते की हे सगळं अजून पक्कं नाही, चरबीचा आणि बाकीच्या रसांचा हिशोब लागायचाय, म्हणून तर तिला नमुने हवेत. हे मांस कशावर जगतं ते नीट कळलं तर उद्या एखादं औषध त्याची उपासमार करू शकेल. काढलेलं मांस पुन्हा उगवणारही नाही.

मी म्हटलं, असा खाणारा माझ्या ओळखीचा आहे. खुलताबादच्या लग्नात अर्धं ताट तसंच ठेवून पुन्हा "वाढा" म्हणणारा. ती म्हणाली, मग त्या आजोबांचा नमुना मला पाहिजेच.

चेष्टा बाजूला ठेव. मला हल्ली रस्त्यावरच्या दिव्यांना शेपटं फुटलेली दिसतात, आणि पेपरातली ओळ खालच्या ओळीवर बसते. तुलाही तसं होतं का? दोन शब्दांचं कार्ड टाक. मी ऑपरेशनला घाबरत नाही, म्हणून तूही घाबरू नकोस.

हबीब

&nbsp;

हर्सूल
१३ डिसेंबर २०२४

नाना,

आज माझं ऑपरेशन होतं. झालं नाही. कारण वाच आणि पोटभर हस, परवानगी आहे.

आमरीननं आठवडाभर आधीपासून बजावलं होतं की दादा, डोळ्यात गुलाबपाणी नाही, मध नाही, दवाखान्याच्या थेंबांखेरीज काही म्हणजे काही नाही. मी पाळलं. आज सकाळी आंघोळ करून पांढरा कुडता घातला. जुम्म्याचा दिवस. दाराशी चप्पल घालत होतो तर सगीरा आली, आणि आमच्या लग्नापासून प्रत्येक चांगल्या कामाला निघताना ती जे करते तेच तिनं केलं. मीही, पन्नास वर्षांच्या सवयीनं, मान वर करून डोळा पुढं केला. सुरमा. दोन्ही डोळ्यांत, भरभरून.

रिक्षात बसेपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही. दवाखान्यात आमरीननं मला बघितलं आणि हातातला फॉर्म बाकावर ठेवला. मग मला खालीवर न्याहाळून म्हणाली, "दादा, हा डोळा राहिला नाही, सुरमेदानी झाली."

डॉक्टर हसले, पण चाकू ठेवून दिला. सुरम्याची पूड पापणीखाली, मांसाच्या घडीत जाऊन बसते. ऑपरेशनलाही ती चालत नाही आणि आमरीनच्या यंत्राला तर मुळीच नाही. ते यंत्र मांसातला एकेक रस मोजतं. त्यात धातूची भुकटी गेली की यंत्र काय सांगेल? की हबीब शेखच्या पेशी दगड खातात. डोळा धुतला, थेंब दिले आणि पुढची तारीख दिली.

घरी आल्यावर सगीरा रागावली, ती आमच्यावरच. "आंख का काम है बोले तुमे. आंख के काम को सुरमा लगाए बगैर कैसे भेजना जी?" हे ऐकून आमरीन चहा टाकायला उठली. पीएच.डी. असली तरी.

मग सगीरालाच तुझी आठवण झाली. दर ईदला तू आमच्या ओट्यावर येऊन "भाभी, आमचं बी भरा" म्हणून डोळे पुढं करायचास, आणि मग तसाच काळेभोर डोळे घेऊन लेण्यात जायचास. एका बंगाली बाईनं तुला विचारलं होतं की तुम्ही नाटकात काम करता का. तू व्हय म्हणालास. ती त्या दिवशी पूर्ण वेळ तुझेच फोटो काढत होती, बुद्धाचे नाही.

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही, तुला सांगतो, कारण तू तसाही उत्तर देत नाहीस. तारीख पुढं गेली तेव्हा मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. मागच्या पत्रात घाबरत नाही लिहिलं होतं, ते खोडून वाच.

हबीब

&nbsp;

हर्सूल
२ जानेवारी २०२५

नाना,

झालं. मागच्या आठवड्यात झालं. सगीराला त्या सकाळी साकिबनं चुलत्याकडे पाठवून दिलं होतं आणि सुरमेदानी आमरीनच्या पर्समधे होती.

आता सगळं सांगतो, म्हणजे तुझी भीती जाईल. थेंब घालून डोळा बधिर करतात, मग बारीकशी सुई, तीही कळत नाही. पापणी चिमट्यानं उघडी ठेवतात. मांस सोलून काढतात, आणि त्या जागेवर आपल्याच डोळ्यातला, वरच्या पापणीखाली झाकलेला कोवळा पापुद्रा आणून चिकटवतात. त्या पापुद्र्यानं कधी ऊन बघितलेलं नसतं. तो तिथं बसला की मांस पुन्हा उगवण्याची शक्यता कमी होते. चहा गार व्हायच्या आत संपतं. नंतर दोनतीन दिवस डोळ्यात लेण्यातली सगळी वाळू शिरल्यासारखं खुपतं, ते खोटं सांगत नाही.

पण मला तुला वेगळंच सांगायचंय. वरचा दिवा लावला तेव्हा डोळा मिटता येईना. सगळा उजेड तोंडावर. मला डॉक्टर दिसेनात, आमरीन दिसेना, कोण कुठं उभं आहे ते कळेना. नुसते आवाज. आणि मला वाटलं, नाना असाच उभा असायचा. मी तीस वर्षं उजेड टाकला, पण उजेडात उभं राहिल्यावर काय होतं हे मला माहीतच नव्हतं. तुला समोरचे पाहुणे दिसतच नसतील. तरी तू बुद्धाच्या ओठापासून बोटापर्यंत बोलत जायचास, न अडखळता, आणि लोक गप्प होऊन ऐकायचे. तू बोलत होतास ते त्यांच्याकडे बघून नव्हे, हे मला त्या टेबलावर कळलं. मला रडू आलं. डॉक्टर म्हणाले, आजोबा, डोळ्यातून पाणी येणारच, औषधाचं आहे.

मांस मी बघायला मागितलं. भाताच्या शितापेक्षा थोडं मोठं. एवढंसंच. मी म्हटलं, वेरूळचं तीस वर्षांचं ऊन हेच का? आमरीनला बोलायला वेळ नव्हता. तिनं ते चिमटीत धरलं, धुतलं, इवल्या नळीत टाकलं आणि नळी एका डब्यात सोडली, तर डब्यातून पांढरा धूर. इतकं गार द्रव्य असतं की शीत जागच्या जागी गोठतं. इतकी घाई का, तर कापलेलं मांस आपण मेलो हे लगेच मान्य करत नाही. आत असलेली साखर खात राहतं, आंबट करत राहतं. चार घटका तसंच ठेवलं की त्याचा सगळा हिशोब बदलतो, आणि मग यंत्राला डोळ्यातली गोष्ट कळत नाही, बाटलीतली कळते. म्हणून जेवता जेवता त्याला थांबवायचं, घास हातात असतानाच.

नंतर तिनं मला तिची पेटी दाखवली. छोटी छोटी घरं, प्रत्येकात एक नळी. नावं नाहीत, नुसते आकडे. माझ्या नळीशेजारचं घर रिकामं होतं. मी विचारलं, हे कुणाचं? ती म्हणाली, तुम्हीच म्हणाला होतात की जागा धरून ठेव. मी म्हणालो असेन. एसटीत रुमाल टाकून आपण एकमेकांची जागा धरायचो ना, तसं काहीतरी बोलून गेलो असेन.

पट्टी निघालीय. काल गच्चीवरून हर्सूलचा तलाव बघितला. पाण्याची कड एकच दिसली. आधी मला दोन दिसायच्या आणि मी समजायचो की पाणीच हलतंय.

चार पत्रं झाली, नाना. शिवी तरी दे.

हबीब

&nbsp;

हर्सूल
९ जानेवारी २०२५

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन आला तेव्हा मी नीट बोलू शकलो नाही, म्हणून लिहितो. दुसरंही कारण आहे. या पाकिटात आणखी एक बंद पाकीट आहे, ते नानासाहेबांचं आहे.

तू सांगितलंस ते माझ्या कानातून जात नाही. माझी चारही पत्रं त्यांच्या उशीखाली आहेत, रोज दुपारी गॅलरीत बसून ती काढतात आणि वाचतात, म्हणून तुम्ही निर्धास्त होता. परवा तू चहा द्यायला गेलीस. "काका, बाबांनी पत्र उलटं धरलं होतं," असं तू म्हणालीस. "उलटंच धरून शेवटपर्यंत वाचलं, आणि घडी घालून ठेवलं."

मी इथं दोन महिने त्या माणसाला अडेलतट्टू म्हणतोय, आणि त्यांना अक्षर दिसत नाही. टीव्ही ते ऐकतात, बघत नाहीत. डोळे लाल होतात ते तुमच्या एसीनं नाही. दोन्ही बुबुळांवर मांस चढलंय, आणि आणखीही काही असेल तर ते डॉक्टर बघतील. मी पहिल्या पत्रात हे सगळं लिहिलं होतं. चहाडी नको म्हणून तुला सांगितलं नाही आणि ज्यांना लिहिलं त्यांना वाचता येत नव्हतं. आमच्या दोघांची अक्कल ही अशी.

त्यांनी तुझ्याकडून पत्र वाचून का घेतलं नाही, ते मी सांगतो. पहिलं पाकीट आलं तेव्हा त्यांना वाटलं असणार की हब्यानं आरशावरून शिव्या घातल्यात. सुनेच्या तोंडून त्या कशा ऐकायच्या?

आणि तू विचारलंस की हबीबकाका काय लिहितात, तर त्यांनी सांगितलं, "हब्या लई पस्तावलाय. परत्येक पत्रात माफी मागतो. म्हणतो, आरसा तुझाच हाय नाना, मीच चुकलो." तू हे सांगितलंस आणि माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की काय सांगू. मी एकाही ओळीत माफी मागितलेली नाही. पहिल्या पत्राच्या पहिल्याच ओळीत निम्मा आरसा माझा असं लिहिलंय. त्या पत्रांच्या झेरॉक्स काढून तुला पाठवणार होतो, साक्षीला.

सगीरा सुपारी कातरत बसली होती. वर न बघता म्हणाली, "चार-चार खतां लिखे तुमे. माफी नै तो और क्या है जी ये?"

मग मी झेरॉक्सला गेलो नाही.

फोन ठेवता ठेवता तू आणखी एक सांगितलंस. दुपारचं ऊन गॅलरीत आलं की ते आरसा मांडीवर घेतात आणि समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीवर उजेड फिरवत बसतात, म्हणून सोसायटीनं दोनदा तोंडी समज दिली. भिंतीवरचा तेवढा ढोबळ उजेड त्यांना अजून दिसत असणार. आरसा कशाला नेला, हे मी तीन वर्षं विचारत होतो. आता विचारणार नाही.

आता माझं ऐक. तुला सगळं कळलंय हे त्यांना कळू देऊ नकोस. आतलं पाकीट तू फोडू नकोस, वाचून दाखवू का म्हणूनही विचारू नकोस. दुपारी, ऊन गॅलरीत असताना, नुसतं हातात दे. मी आमरीनचा मार्कर घेऊन लिहिलंय, बाटल्यांवर लिहितात तो जाड, काळा. एका कागदावर एकच ओळ, वेरूळच्या स्टँडवरच्या पाटीएवढी. उलटं धरलं तर त्यांना स्वतःलाच कळेल.

ते आले तर गोकुळला चार दिवसांची रजा काढायला सांग. नाही आले तर तिथंच, पुण्यात, चांगल्या डॉक्टरला दाखव, पण या महिन्यात दाखव. आमरीनला नमुना मिळाला नाही तरी चालेल. ती स्वतःच म्हणाली, दादा, नमुन्याचं राहू द्या, आधी आजोबांना दिसू द्या.

आणि बेटा, आरशावरच्या टिकल्या तेवढ्या काढून ठेव.

तुझा,
हबीबकाका

&nbsp;

(आतलं पाकीट. पाच कागद.)

नाना,

मीच चुकलो.

आरसा तुझा.

तो घेऊन ये.

हब्या

&nbsp;

पुणे
१५ जानेवारी २०२५

हब्या,

वाचलं.

माफ केलं.

रविवारी निघतो. आरसा टपावर बांधतोय.

लांबून दिसेल.

नाना